पुनवेच्या चिंबोऱ्या

चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, अवसेला भरलेली असते आणि पुनवेला पोकळ, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चांदण्यात चिंबोरी स्वतःच्या सावलीला घाबरते, चरायला बाहेर पडत नाही आणि उपाशी राहून सुकते, असं माझी आये सांगायची. खरं-खोटं त्या चिंबोरीलाच माहीत. पण पुनवेची चिंबोरी फोडली की आत नुसतं पाणी निघतं, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. आणि असं सगळं ठाऊक असून माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरच्यांना पहिलं जेवण माझ्या बानं कधी सांगावं? तर शुक्रवारी पुनव आणि रविवारी जेवण!

पूर्वी बा असा नव्हता. खाडीच्या पाण्यावर आणि तिथीवरच त्याचे दिवस चालायचे. मग नवं शहर उठायला लागलं, आमची शेतं त्यात गेली आणि बा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत लागला. तेव्हापासून कॅलेंडरात तो फक्त लाल आकडा बघायचा. रविवार आहे, आपल्याला सुट्टी, जावयाला सुट्टी, द्या निरोप! निरोप उरणला गेला, तिकडून होकारही आला, आणि मग कधीतरी आयेनं ओटीवर बसून बोटांवर तिथी मोजली.

"शुकरवारी पुनव हाय," ती म्हणाली.

बाचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. "मग आता?"

"आता काय, माजं डोस्कं घाला रश्श्यात!"

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, मटण करायचं. नाही हो! आमच्याकडे नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला की पानात चिंबोरीच हवी, आणि तीही घरच्या माणसांनी आपल्या खाडीत उतरून धरलेली. बाजारची आणली तर ती कळते. कशी कळते ते विचारू नका, कळते. त्यात ताईची सासू म्हणजे उरणकडची, खाडीत हाडं झिजवलेली बाई. लग्नाच्या मांडवातच तिनं आयेला ऐकवलं होतं, "तुमी आता शेरातली मानसं. खाडीत उतरता का नलाचं पानी पिऊन बसता?" सगळा मांडव हसला. ताईनं मान खाली घातली.

ताईचं हेच मला खुपायचं. ती म्हणजे गरीब गाय. घरातलं सगळं तोंड माझ्या वाट्याला आलं होतं आणि तिच्या वाट्याला सगळा सोशिकपणा. रविवारचं जेवण फसलं, तर सासू ते आम्हाला नाही ऐकवणार, ताईला ऐकवणार. भाकरी थापताना ऐकवेल, पाणी भरताना ऐकवेल, पोरंबाळं झाली तरी ऐकवेल. आणि ही बया एका शब्दानं उलटून बोलणार नाही. मी तेव्हा नववीत होते. ताई गेल्यापासून घरात माझं कशातच लक्ष नव्हतं, आणि तिला कुणी टोचून बोलतंय असा नुसता विचार आला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून शनिवारी सकाळी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्याला आये निघाली तेव्हा मी शाळा बुडवून तिच्यामागे निघाले. आमच्या घरात चिंबोऱ्यांची शिकार आयेची. बा जाळ्याचा माणूस, बिळात हात घालायचा म्हटलं की त्याला काहीतरी काम आठवायचं. आयेनं लुगडं गुडघ्यावर खोचलं, डोक्यावर टोपली, हातात आकडी, म्हणजे टोकाला वाकवलेली लोखंडी सळई. आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा.

या चुड्याचं सांगायला हवं. आमच्याकडे लेकीच्या लग्नात आईही हात भरून चुडा घालते. तो हातानं काढायचा नाही. एकेक बांगडी आपोआप जाईल तेव्हा जाईल. आणि गेली तरी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. आये या बाबतीत भलतीच कडक. कपडे धुताना एक बांगडी वाढली तर दिवसभर तोंड पाडून बसली होती. बा समोर धडधाकट विडी ओढत बसलेला, तरी ही दर घटकेला त्याच्याकडे बघून घ्यायची.

खाडी मात्र त्या दिवशी काय दिसत होती! पुनवेच्या उधाणाचं पाणी जितकं चढतं तितकंच लांब उतरतं. तिवरांच्या झाडीपलीकडे नजर जाईल तिथवर चिखल चकचकत होता, मागे नव्या बिल्डिंगांचे सांगाडे, आणि मधे आम्ही दोघी मायलेकी, बगळ्यांना शिव्या घालत चाललेल्या. चिखलात थांबायचं नसतं. थांबलं की पाय आत जातो. आये बोलता बोलता झपाझप जायची आणि मी मागून एकेक पाय उपटत.

पहिल्या बिळातून तिनं आकडी घालून चिंबोरी अशी काढली, जशी मडक्यातून लोणच्याची फोड. उलटी धरली, पोटाशी अंगठा दाबला. "पोकल." दिली फेकून. दुसरी, पोकल. तिसरी अगदीच पोर होती, तिला आयेनं "जा, आयशीकडं जा" म्हणून सोडलं. चांगल्या दिसणाऱ्या चार-सहा सुतळीनं बांधून टोपलीत टाकल्या, पण त्याही हातात कशा हलक्या लागायच्या.

"आये, एवढ्या धरल्या ना, त्या बी सोड. वाशीच्या बाजारातून आणू," मी म्हटलं.

"आन ना. आन नि विहिनबायच्या पानात वाढ. मंग तुज्या बहिनीला काय काय ऐकाया लागंल, ते बी तूच जाऊन ऐक."

मी पुढचा पाय उपटला.

शेवटी आये मला जुन्या बांधाकडे घेऊन गेली. तिथं तिवराच्या मुळाशी एक बीळ होतं, तोंड चांगलं रुंद आणि आत वाकडं. "हितं म्हातारा ऱ्हातो," आये हळूच म्हणाली, जसं काही आत कुणी मामंजी झोपलेत. मोठा नर पुनवेलाही थोडाफार भरलेला असतो, एवढीच आता आशा. तो एक मिळाला तरी जावयाच्या पानात अब्रू राहिली असती.

आकडी आत गेली, पण बिळाच्या वळणाशी अडली. आयेनं हात घातला. कोपराशी चुडा अडकला, आणि काकणं अशी किणकिणली की आतला म्हातारा खरखरत आणखी मागे सरकला. तिनं पुन्हा घातला. पुन्हा किणकिण, पुन्हा खरखर. वरात घेऊन शिकारीला आल्यासारखं झालं होतं. मला हसू आवरेना.

"दात काय काढतंस!" आये चिडली. पण चुड्याला हात लावील तर शपथ.

"मी घालते," मी म्हटलं.

ती नको म्हणाली. मग पाण्याकडे बघितलं. लांब चरीतून भरतीची पहिली ओळ आत सरकायला लागली होती. "मूठ मिट," ती म्हणाली. "वरच्या अंगानं जा. त्याची पाठ लागली की दाबून धर. बोट पुढं करू नको, सांगून ठेवते."

मी चिखलात पालथी पडले, गाल जमिनीला, हात खांद्यापर्यंत आत. थंडगार. वळण लागलं. पुढे काहीतरी कडक लागलं. आणि ही पाठ आहे का दगड हे बघायला मी काय केलं, तर बोट पुढं केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तेच.

त्यानं जे धरलं! अयायायाई, अजून आठवलं की हात आपोआप पोटाशी जातो. मी किंचाळले. बगळे उडाले.

"वढू नको! वढलंस की आवळतो! गप पड, सोडतो तो!"

मी गप पडले. म्हणजे तोंड चालूच होतं, हात गप होता. तो काही सोडेना. आयेनं आकडी घालायचं बघितलं, पण माझ्या हातानंच बीळ भरलेलं. तेवढ्यात चरीतलं पाणी माझ्या कानाशी आलं, कोमट, बारीक फेस घेऊन. तोवर मी नुसती ओरडत होते. आता मला खरी भीती वाटली. "आये, पानी!" म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बिळाला मागून दुसरं तोंड असतं. आये धावली, गुडघ्यावर बसली, तिकडून हात घातला. चुडा अडला. तिनं हात बाहेर काढला आणि एकदा त्याच्याकडे बघितलं. एकदाच. मग सळई डाव्या हातात आडवी धरली आणि उजवा हात तिच्यावर मनगटापासून कोपरापर्यंत आपटत गेली. हिरव्या काचा चिखलात उडाल्या. तशाच रक्ताळलेल्या हातानं ती खांद्यापर्यंत आत गेली, दात आवळून काहीतरी पुटपुटत. ते देवाचं नाव होतं की शिवी, मला कळलं नाही. माझं बोट सुटलं.

म्हातारा बाहेर आला तो केवढा! आयेच्या दोन्ही पंजांत मावत नव्हता. माझं बोट निळंजांभळं झालं होतं, पण जागेवर होतं. आयेनं आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, "बोट पुढं कशाला केलंस?" मग मला असं आवळलं की मला श्वास घेता येईना. ताईचं लग्न झाल्यापासून मला वाटायचं, आयेचा सगळा जीव ताईवरच आहे. त्या चिखलात मला माझाच राग आला आणि आयेची इतकी माया दाटून आली की मी भोकाड पसरलं.

मग आयेनं नाक पुसलं, म्हाताऱ्याला उलटा केला आणि पोटाशी अंगठा दाबला.

"पोकल," ती म्हणाली. आणि हसायला लागली. मीही हसले, रडता रडता.

घरी बाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयेचा एक हात कोपरापर्यंत हिरवा आणि एक बोडका, त्यावर ओरखडे. "कसा वाढला?" एवढंच त्यानं विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर माझ्या बोटाला हळद बांधायला बसला. शेजारच्या काकीनं डब्यातून दोन लाल बांगड्या आणून आयेच्या उजव्या हातात चढवल्या. त्या अशा काही विजोड दिसत होत्या की काय सांगू.

रविवारी पाहुणे आले. भावोजी, त्यांचे वडील, विहीणबाई आणि ताई. ताई नव्या साडीत पाहुणीसारखी अंग चोरून बसली. स्वतःच्या घरात ती माझ्याकडे पाणी मागत होती. मला ते बघवेना. पाणी देताना तिनं माझं बांधलेलं बोट बघितलं, तेव्हा मी कालचं सगळं तिच्या कानात सांगितलं. विहीणबाईंची नजर आल्या आल्या आयेच्या हातावर गेली. आयेनं पदर ओढला.

रस्सा तर आयेनं असा केला होता की वासानंच गल्ली गोळा व्हावी. सगळे एका ओळीत बसले. मी कोपऱ्यात, डाव्या हातानं भाताशी झटापट करत. मोठा म्हातारा भावोजींच्या पानात, त्याचा एक नांगा विहीणबाईंच्या. त्यांनी तो दातांखाली धरला. कट्ट. आतून पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"चिंबोरी पोकल हाय," विहीणबाई म्हणाल्या.

बा पानात बघायला लागला. आयेनं डोळे मिटले. आली अंगावर घ्यावी शिंगावर, असं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरंच कुणीतरी बोललं.

"पोकलच असनार, आत्याबाई."

ताई! ती मान वर करून सासूकडे सरळ बघत होती.

"परवा पुनव झाली. बानं सुट्टी बगून दिवस धरला, तुमी बी हो म्हनालात. तिथी कोनीच बगली नाय. ही काढताना माज्या बहिनीचं बोट जायचं होतं. आयेनं तिच्यासाठी लगनाचा चुडा हातानं वाढवला. पोकल हाय, पन आमच्या खाडीतली हाय नि आमच्या मानसांनी धरलीय. खायची तर खा."

एवढं सलग तिनं जन्मात कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. भावोजींचा घास हातात. आता काय होतंय म्हणून मी आयेचा पदर घट्ट धरला.

विहीणबाईंनी नांगा पानात ठेवला. "अगो, ही बोलते की!" त्या आपल्या नवऱ्याकडे वळल्या. "लगीन झाल्यापासना घरात एक सबूद नाय. मना वाटलं, मुकी पोर पदरात घातली यांनी. घरात बोलायला कोन नाय म्हनून तर सून आनली मी!" मग त्यांनी तोच पोकळ नांगा परत उचलला आणि चोखायला लागल्या. "तिथी तुमी तरी बगायची ना हो," हे नवऱ्याला.

सगळे एकदम हसले. बा तर इतका हसला की त्याला ठसका लागला. ताई मात्र हसली नाही. ती स्वतःच्या पानावरून उठली, सासूसमोर, नवऱ्यासमोर, आणि माझ्या कोपऱ्यात येऊन बसली. माझ्या ताटातला भात तिनं कालवला आणि लहानपणी भरवायची तसा घास केला. मी आ केला.