सावलीतलं तापमान

पेण सुटलं आणि खिडकीबाहेर खाडीकाठची शेतं लागली. मी निवांत होतो. धाटावच्या एका कारखान्यात वायुगळती ओळखणारं लेझरचं यंत्र रोज दुपारी खोटा इशारा देत होतं; उजेड कमी पोचला की वायूनेच तो अडवला असं ते समजतं. उष्णतेने लेझर किती मंदावतो याचं संगणकावरचं मॉडेल माझं. पुण्यात बसून मी अहवालही देऊन टाकला होता : इथल्या उन्हाने यंत्राला काही होत नाही. आता फक्त जागा पाहून सही करायची होती.

निडीला गाडी थांबली. शेजारच्या आजोबांनी पापड पुढे केला आणि कामाचं विचारलं. मी सांगितलं, लेझरचा स्फटिक तापला की उजेड कमी देतो. उजेड टिकवायला वीज वाढवली, तर आणखी तापतो.

"म्हंजे आमचा जावय," ते म्हणाले. "मनवायला गेलं की जास्तच तापतो."

कॉलेजात इतकी वर्षं शिकवतो, पण वर्गात मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नाही.

रोह्याहून रिक्षाने धाटाव गाठलं. यंत्र सांभाळणाऱ्या संगीताताई कंत्राटी कामगार. भिंग नीट पुसत नाहीत म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फुटलं होतं, आणि त्यांना ठेवायचं की नाही ते त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या बैठकीत ठरायचं होतं. तरी त्यांनी मला आधी डब्यातली भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खायला लावली. मग यंत्रापाशी नेलं.

"हात लावून बघा."

पश्चिमेच्या उन्हात, पत्र्याच्या भिंतीवर ती पेटी ठोकलेली होती. मी हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. मॉडेलात मी हवामानाच्या नोंदीतलं तापमान घातलं होतं, म्हणजे सावलीतलं.

"आमचा बापूस मिठागरात व्हता," संगीताताई म्हणाल्या. "हवा किती तापली ते त्यानं कवा इचारलं नाय. वाफ्यात पाय टाकून बघायचा."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"वहीत लिवलंय ना रोज. पेटी तापते म्हणून."

त्या वहीची पानं मला पाठवलेली होती. त्यांत आकडे नव्हते, म्हणून मी ती वाचलीच नव्हती. फार लाज वाटली.

अधिकाऱ्यांना मी लगेच लिहून दिलं : मॉडेलमध्ये त्रुटी आढळली, पेटीवर सावली करावी. संगीताताईंनी कागद दोनदा वाचला.

"यात माजं काय नाय."

"ते ओघाने आलंच," मी म्हणालो. गाडीची वेळ झाली होती.

परतीच्या गाडीत मात्र चैन पडेना. त्रुटी आढळली म्हणे. कुणाची? मॉडेल आपणहून काही गृहीत धरत नाही, धरणारा मी. तापमान गृहीत धरलं आणि त्या बाईलाही धरलं. फोन करता आला असता. पण फोनवर साहेब लोक "बघतो" म्हणतात आणि बघत नाहीत, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे.

पेणला उतरलो आणि तडक एसटी स्टँड गाठला. रोह्याची गाडी लागलेलीच होती.

"सातच्या आत पोचेल?" मी कंडक्टरला विचारलं.

"पोचंल. काय इसरलाव काय तिकडं?"

"हो," मी म्हणालो. "एका बाईचं नाव लिहायचं राहिलं."