आधी कडूबाई

कडूबाईच्या घरी अळंबीचा एक कायदा होता. जिनं वेचली तिनं आधी खायची, वाट बघायची, मगच घरानं खायची. तिच्या आईचा हा कायदा तिनं सोयगावच्या डोंगरात आयुष्यभर पाळला, आणि वाळूजला लेकाकडं राहायला येताना गाठोड्यात बांधून आणला. मी त्यांची शेजारीण. मी तिला चिडवायचे, "मावशी, राजेलोकांच्या जेवणाला असं आधी चाखणारं माणूस असायचं." ती म्हणायची, "मग? माझी तनुजा राणीच हाय." तनुजा तिची नात, नुकती शाळेत जायला लागलेली.

यंदा पावसाळ्यात गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पांढरी अळंबी उगवली. कडूबाई हरखली. सकाळीच परडीभर वेचून आणली, लसूण-तिखटात परतली, एकटीनं भाकरीबरोबर खाल्ली आणि ओट्यावर बसून राहिली. दुपारपर्यंत ठणठणीत. "वाढ गं विशाखा," तिनं सुनेला सांगितलं. तिचा लेक राजकुमार कंपनीत गेला होता. विशाखा जेवली, तनुजा जेवली. मी तर हावरट, वाटी घेऊन दारात उभीच होते.

ऊन उतरायला लागलं तशी कडूबाई मोरीकडं धावली. उलटी, जुलाब, पुन्हा उलटी. मी पाणी घेऊन गेले. तिनं मान वर केली, पण पाण्याकडं बघितलंच नाही. ती खाटेवर चित्र रंगवणाऱ्या तनुजाकडं बघत होती.

"सरिता, हिनं किती खाल्ली गं?"

मी गल्लीतल्या फकिराला बोलवायला धावले. त्याच्या रिक्षात आम्ही चौघी कशाबशा कोंबून बसलो. उरलेली भाजी विशाखानं डब्यात घेतली होती. वाटभर कडूबाई कण्हत एकच बोलत होती, "मी आधी खाल्ली व्हती ना. मी आधी खाल्ली व्हती."

डॉक्टर म्हणाले, "आजी, काही अळंबीचं विष उशिरा लागतं. अर्धा दिवस माणूस धडधाकट दिसतं. आधी खाऊन काही कळत नसतं." मला विचाराल तर तिचा कायदा कधी खरा नव्हताच. सोयगावात अळंबी वारुळांवर उगवायची आणि तिला एकेक वारूळ ओळखीचं होतं, म्हणून निभावलं. इथं जागा अनोळखी, तिनं नुसती अळंबी ओळखली.

रात्रीतून आम्हा तिघींनाही उलट्या लागल्या. त्याहून वाईट म्हणजे उलट्या थांबल्यावरही डॉक्टर निश्चिंत होईनात. रोज रक्त तपासायचे, लिव्हरचं नाव काढायचे. कडूबाई सलाइनची बाटली हातात धरून तनुजाच्या कॉटपाशी यायची आणि पोरीचे डोळे पिवळे पडले का बघायची. इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मीही घाबरले होते, पण ती बघायला आली की माझी भीती दुप्पट व्हायची.

शेवटी रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी मऊ खिचडी द्या म्हणून सांगितलं. राजकुमारनं घरून करून आणली. कडूबाई डब्याला हात लावेना. तेव्हा तनुजा कॉटवरून उतरली आणि पहिला घास तिनं स्वतःच्या तोंडात घातला.

"आज्जी, मी आधी खाल्ला. आता तू थांब."

कडूबाईनं पोरीच्या तोंडात बोटं घालून तो घास बाहेर काढला. साधी मुगाची खिचडी होती ती.