वासाच्या चित्रासमोर मालिनी

मुलगी इशिता कॉलेजला गेली आणि टेक्सासमधल्या शुगर लँडच्या त्या चार बेडरूमच्या घरात मालिनीला दिवस उरायला लागला. तेव्हा, २००४ साली, तिने ह्यूस्टनमधल्या एका संग्रहालयात गाइडचं ट्रेनिंग घेतलं. बिनपगारी, पण वर्षभर दर मंगळवारी पन्नास मिनिटं ड्राइव्ह करून ती गेली. आता शेवटची परीक्षा होती: एका चित्रासमोर दहा मिनिटं बोलायचं. नापास झालं तर पुन्हा पहिल्यापासून वर्षभर.

तिच्या वाट्याला सतराव्या शतकातलं एक फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचं, चित्र आलं. पाच इंद्रियांवरच्या चित्रमालिकेतलं 'वास'. रेशमी झग्यातली बाई, मांडीवर फुलांची परडी, नाकाशी गुलाब, पायाशी हुंगत बसलेला कुत्रा.

"तारखा पाठ कर," नवरा, पुरुषोत्तम, म्हणाला. "इंजिनियरच्या बायकोने आकड्यात चुकू नये."

"मग तूच जा."

परीक्षेत ती तारखा घडाघडा बोलली. ट्रेनर मिसेस हॉलोवे वहीत काहीच लिहीत नव्हत्या.

"हे पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय दिसतं?"

मालिनीच्या तोंडून निघून गेलं, "हिने फूल फुकट घालवलं."

बरोबरचे शिकाऊ गाइड तिच्याकडे वळले. मग तिला सांगावंच लागलं. नागपूरला आई सकाळी तिला पूजेची फुलं तोडायला पाठवायची. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून ती मोगऱ्यापाशी तोंडाने श्वास घ्यायची. एकदा राहवलं नाही. ते फूल परडीत टाकायची छाती झाली नाही, मग तिने वेणीत खोचलं आणि दिवसभर आईकडे पाठ केली नाही.

"आमच्याकडे वास आधी देवाचा," ती म्हणाली. "ही बाई बघा, परडी भरलेली आहे आणि पहिला वास हिचा. कुत्र्याला तरी कोण सांगणार."

कोणीतरी हसलं. मिसेस हॉलोवे चित्राजवळ जाऊन त्या बाईचं नाक बघत राहिल्या.

"सोळा वर्षं हे चित्र दाखवतेय मी," त्या म्हणाल्या, आणि वहीत एकदाचं काहीतरी लिहिलं. "तुमची चौदा मिनिटं झाली. शाळेच्या मुलांसमोर दहाच घ्या. गुरुवारी येता का?"

पार्किंगमधून मालिनीने घरी फोन लावला. "आज मी कुकर लावणार नाही."

"पास झालीस का ते सांग ना आधी."

"तेच सांगतेय."