सवामणीचे लाडू थेट सिंगापूरला

जयपूर स्टेशनावर ताईचा चेहरा पाहिला आणि माझा सहलीचा उत्साह जागच्या जागी विरला. मेव्हण्यांच्या बँकेच्या नोकरीपायी ती इथे आली आणि तिलक नगरचीच झाली.

"किल्ला उद्या बघू गं. आज सी-स्कीम भागातल्या कचेरीत जायचंय. मतलब, शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या खात्यानं मला बोलावलंय."

"तुला? तुला तर शेअर कशाशी खातात तेही ठाऊक नाही!"

रिक्षात तिनं सांगितलं. तिचा अनिकेत सिंगापूरला नोकरीला. त्याची कंपनी इथली एक कंपनी विकत घेणार होती. सौदा ठरताच, जाहीर होण्याआधीच, त्यानं आईला फोन केला. ताईनं लगेच सवामणी (देवाला सव्वा मण प्रसाद दाखवून सगळ्यांना जेवू घालणे) केली. लाडू कशाबद्दल, असं शेजारच्या गुप्ताजींनी विचारलं, तर हिनं कंपनीच्या नावासकट सांगून टाकलं. गुप्ताजी लाडू खाऊन घरी गेले आणि बातमी जाहीर व्हायच्या आतच, गुन्हा असूनही, त्या विकल्या जाणाऱ्या कंपनीचे शेअर घेऊन बसले. चौकशी झाली तेव्हा त्यांनी लाडवांचं सगळं सांगून टाकलं.

कचेरीतले साहेब फार अदबीनं बोलले. "माताजी, सवामणी किस खुशी में की थी?"

ताईनं खरं ते सांगितलं. मग त्यांनी समोरचा कागद उचलला. "हमने सिंगापुर से मदद माँगी थी। वहाँ के अफसरों ने आपके बेटे का बयान भेजा है। कहता है, बाहर किसी को नहीं बताया, सिर्फ माँ को।"

मी हबकलेच. तिलक नगरातल्या लाडवाची चौकशी समुद्रापार? ताई मात्र एवढंच म्हणाली, "त्याला पण बसवलं होतं असं समोर? मला बोलला नाही."

बाहेर गरम कचोरी घेतली. ती तशीच पुड्यात बांधून घरी नेली.

किल्ला मी एकटीनंच पाहिला. काय पाहिलं, विचारू नका. निघताना ताईनं डबा हातात दिला आणि म्हणाली, "अनिकेतला शपथ घातलीय मी. फोनवर मला यापुढे काही सांगायचं नाही. जेवलास का, एवढंच विचारीन."

गाडी सुटली आणि अनिकेतचा फोन आला.

"मावशी, मला कामावरून काढलं. आईला तू सांगशील? तिनं मला शपथ घातलीय."

आईला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं, हे आमच्या घरात कुणाला कधी शिकवलंच नव्हतं. आता शिकलो. ताईचा नंबर काढून मी बसून राहिले, आणि घर येईपर्यंत तो लावायचं धाडस काही झालं नाही.