शनिवारचा कोळसा

प्रेशर गेजची सुई उतरत होती आणि कोळशाला कुणी हात लावत नव्हतं. भट्टीसमोर आमचे फायरमन, म्हणजे कोळसा टाकणारी माणसं, फावडी टेकून उभी होती. बॉयलर फोरमन नवगावकर स्टुलावर बसून बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे बघत होते. वर्क्स मॅनेजर लोबोसाहेब दारात येऊन थांबले. त्यांच्या मागे रंगखात्यात एकेक मशीन गप्प होत चाललं होतं.

"देसाई, व्हॉट इज धिस?" त्यांनी मला विचारलं.

मी असिस्टंट इंजिनिअर. उत्तर मला माहीत होतं, कारण तासाभरापूर्वी ती बातमी मीच आणली होती. पण ते नवगावकरांनीच द्यावं असं मला वाटलं, म्हणून मी बाजूला सरकलो.

आमची लोकरी कापडाची गिरणी बंगलोरात यशवंतपूरच्या पुढे होती. साल बासष्ट. चीनच्या सरहद्दीवर लढाई पेटली होती आणि आम्हाला लष्कराच्या ब्लँकेटांची ऑर्डर आली होती. लोकर धुवायला वाफ लागते, रंगवायला वाफ लागते, वाळवायलाही वाफच लागते. बॉयलर थांबला की गिरणी थांबली.

बॉयलर कुणीही चालवू शकत नाही. सरकारी परीक्षा पास झालेला माणूस हजर असल्याशिवाय आग वाढवता येत नाही, असा कायदा आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. आत पाणी कमी झालं की भट्टीवरचा पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि फाटतो. मग बॉयलर हाऊस राहत नाही आणि त्यातली माणसंही राहत नाहीत.

आमच्याकडे असे दोन परीक्षा पास झालेले होते. एक रंगास्वामी, दुसरे नवगावकर. नवगावकर अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी यहुदी. परळच्या गिरणीत शिकून इकडे आलेले. मी निपाणीचा. कानडी, तमिळ, तेलुगूच्या गलबल्यात मला घरच्यासारखं बोलायला हा एकच माणूस होता, म्हणून मी त्यांना काका म्हणत असे.

काका शनिवारी काम करत नसत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या काळात आग पेटवायची नाही. आता ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच आग पेटवण्याचा, त्याला देवाने हा हुकूम द्यावा याची मला गंमत वाटायची. शनिवार रंगास्वामी सांभाळायचा. रविवारी गिरणी बंद असायची, तेव्हा काका एकटे येऊन बॉयलरच्या नळ्या साफ करायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "काका, एखाद्या शनिवारी कामावर यावंसं वाटत नाही?"

"वाटण्याचा प्रश्न कुठे येतो? सांगितलंय, म्हणून नाही यायचं."

"पण सांगितलंय ते बरोबर कशावरून?"

"सांगणारा कोण आहे त्यावरून," ते म्हणाले आणि विडी पेटवली. तो गुरुवार होता.

हे मला नवीन होतं. आमच्या घरी देवाशी घासाघीस चालायची. आईची एकादशी चुकली तर ती पुढच्या एकादशीला पाणीसुद्धा घ्यायची नाही, आणि हिशेब मिटला असं म्हणायची. नवस लांबला तर नारळ वाढायचे. काकांच्या देवापुढे ही सोय नव्हती.

अशात रंगास्वामीला टायफॉइड झाला. लोबोसाहेबांनी काकांना ऑफिसात बोलावलं. पाळ्या लावणं माझं काम, म्हणून मीही होतो.

लोबोसाहेब मंगळूरचे कॅथलिक. रोज सकाळी चर्चमध्ये मिसा ऐकून मगच गिरणीत येणार. तेही परळात काही वर्षं काढून आलेले, त्यामुळे कोकणी वळणाचं मराठी बोलायचे. माणूस कडक, पण लबाड नव्हे.

"नवगावकर, या शनिवारी तुम्हाला यायला पाहिजे."

"ते जमणार नाही साहेब. नोकरीला लागतानाच बोललो होतो."

"मी शेठची ऑर्डर सांगत नाही. दहा आज्ञा तुमच्याही त्याच आणि माझ्याही त्याच. आमचे प्रभू काय म्हणाले? तो दिवस माणसाच्या भल्यासाठी दिला आहे."

"तुमच्या प्रभूंचं मला नका सांगू," काका शांतपणे म्हणाले. "पण आमच्यातही आहे. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा. मोडलाच पाहिजे."

"मग? तिकडे बर्फात आपली पोरं सुती गंजिफ्रॉकावर उभी आहेत. ब्लँकेट म्हणजे जीव नाही?"

काका म्हणाले, "हुकूम ज्याचा, सूटही त्याचीच. ती मी वाढवू शकत नाही आणि तुम्हीही नाही. शनिवारी फक्त ब्लँकेटं?"

"ब्लँकेट्स," लोबोसाहेब म्हणाले.

"मग येतो."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बरं झालं काका, प्रश्न मिटला." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बॉयलर हाऊसकडे चालू लागले. साठीला आलेल्या त्या माणसाने परळच्या गिरणीतही कधी शब्बाथ मोडला नव्हता, हे मला त्यांच्या बायकोने, रिबेकाकाकूंनी नंतर सांगितलं.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काकांनी आग दाबून ठेवली. म्हणजे भट्टीत निखाऱ्यावर ओला बारीक कोळसा पसरायचा, मग आग विझत नाही आणि भडकतही नाही. शनिवारी सकाळी ते क्वार्टरमधून चालत आले. अंगात खाकी नव्हती, पांढरा सदरा होता. भट्टीचं दार उघडलं, क्षणभर थांबले आणि मुनियप्पा नावाच्या मुख्य फायरमनला म्हणाले, "टाक."

पहिले काही तास ठीक गेले. मग काका गेजकडे बघून कुरकुरायला लागले.

"देसाई, वाफ फार ओढतंय रे. ब्लँकेटाला या वेळी एवढी नाही लागत. आज ती आटवायची होती ना?"

आटवणं म्हणजे विणलेलं ब्लँकेट साबणाच्या कोमट पाण्यात कुटून दाट करणं. त्याला वाफ थोडीच लागते. भरपूर वाफ लागते ती रंगाच्या टाक्या उकळायला.

"रंगखात्यात बघून ये."

मी गेलो. टाक्या उकळत होत्या आणि त्यांत किरमिजी रंगाच्या बायकी शाली फिरत होत्या. लग्नसराई तोंडावर आली होती. ब्लँकेटांचे गठ्ठे भिंतीला तसेच रचलेले होते. खात्याच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, विचारलं तर म्हणाला, "शेठ हेळिदारे सर, मोदलु शाल. मध्यान्ह ब्लँकेट." शेठने सांगितलंय, आधी शाली, दुपारनंतर ब्लँकेटं.

परत येताना मला दुसरं काही सांगायचं सुचलंसुद्धा नाही. जे पाहिलं ते सांगून टाकलं. काकांचा चेहरा उतरला. आजारपण सांगितल्यावर उतरतो तसा. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

मुनियप्पाने फावडं भरलं होतं. काका म्हणाले, "बेडा, नको. ठेव खाली."

मला वाटलं आता ते निखारे ओढून काढायला सांगतील, की उठून घरी जातील. त्यांनी दोन्ही केलं नाही. स्टूल ओढलं आणि पाण्याच्या काचेसमोर बसले.

"काका, आग काढायची का?"

"शब्बाथला आग पेटवायची नाही, तशी विझवायचीही नाही. ती आपली आपण जाईल."

"मग घरी जा ना."

"आत वाफ आहे. पाणी कोण बघणार? पाणी उतरलं तर ही पोरं मरतील. तेवढ्यासाठी मला बसायची परवानगी आहे."

तर असा तो प्रकार होता. कोळसा नाही, विझवणं नाही, अधूनमधून पंप चालवून पाणी तेवढं जागेवर ठेवायचं. सुई उतरत गेली आणि लोबोसाहेब दारात आले.

"नवगावकर, काय चाललंय?"

"काही नाही साहेब. शब्बाथ चाललाय."

"मुनियप्पा, कोळसा टाक."

मुनियप्पाने काकांकडे पाहिलं. काकांनी काचेवरची नजर काढली नाही. मुनियप्पा जागचा हलला नाही.

"देसाई, तुम्ही इंजिनिअर आहात. उभे राहा इथे, आग वाढवा."

"सर, माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. इन्स्पेक्टर आला तर बॉयलर सील करील."

मी नाही म्हटलं ते खरं, पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला बॉयलर इन्स्पेक्टरची भीती होती आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी येई. काकांचा इन्स्पेक्टर सदासर्वकाळ हजर असे.

"शालींचं कळलं तर तुम्हाला," लोबोसाहेब काकांना म्हणाले. आवाज खाली आला होता. "शेठनी सकाळी फोन केला. अर्धा दिवस फक्त. दुपारून ब्लँकेट घालणारच होतो."

"तुम्हाला सकाळी कळलं होतं?"

"हो."

"आणि मी सकाळपासून टाकतोय."

"नवगावकर, शेठ नोकरीवरून काढतील. क्वार्टर जाईल. समजतं का?"

"समजतं. रिबेकालाही समजेल." काका पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. "साहेब, शेठने बोलावलं असतं तर मी आलो नसतो. तुम्ही देवाचं नाव घेतलंत म्हणून आलो. ते नाव फुकट घ्यायचं नाही, ही आज्ञासुद्धा त्या दहांतलीच आहे ना? तुमच्यात आहे का ती?"

लोबोसाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हे काकांना इथल्या इथे बडतर्फ करणार. ते दारात तसेच उभे राहिले. गेजची सुई आणखी उतरली. मग ते वळले आणि मला म्हणाले, "चला."

ऑफिसात जाऊन त्यांनी शेठच्या चिकपेटेतल्या पेढीवर फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"शेठजी, शाल का काम बंद कर रहा हूँ... नहीं, बॉयलर अच्छा है। आदमी भी अच्छा है... मैंने उसको ब्लँकेट बोलके बुलाया था... नहीं शेठजी, उसको नहीं निकालेंगे। झूठ मेरा था। निकालना है तो मेरे को निकालिए, फिर इधर मॅनेजर भी नहीं रहेगा..." बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोमवार को आइए।"

फोन ठेवून त्यांनी जॉबरला बोलावलं आणि शाली बाहेर काढायला लावल्या. ब्लँकेटं आटवायला घेतली. मग आम्ही परत बॉयलर हाऊसमध्ये गेलो.

"ब्लँकेट्स लागले," लोबोसाहेब म्हणाले. "आता आग वाढवाल?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "देसाई, बघून ये."

म्हणजे मिसा ऐकून येणाऱ्या मॅनेजरचा शब्द पुरला नाही आणि माझ्यासारख्या शनिवारी मारुतीला तेल घालायचंही विसरणाऱ्याचे डोळे चालले. मी लोबोसाहेबांकडे न बघता गेलो. ब्लँकेटं लागली होती. येऊन सांगितलं. काका मुनियप्पाला म्हणाले, "टाक." मुनियप्पा म्हणाला, "सरी," आणि तिन्ही फावडी एकदम सुरू झाली.

सोमवारी शेठ आले. दार लावून बरीच आरडाओरड झाली. दुसरा सर्टिफिकेटवाला त्या घाईत मिळणार नव्हता आणि लष्कराचा माल अडकला असता, म्हणून दोघांच्याही नोकऱ्या वाचल्या. लोबोसाहेबांचं त्या वर्षीचं इन्क्रिमेंट तेवढं गेलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

या प्रकारातून मी एक धडा घेतला आणि पुढे मॅनेजर झाल्यावर तो पाळलाही. माणसाकडून काम करून घ्यायला त्याच्या देवाची आज्ञा काढू नये. काढलीच तर ती आपल्यालाही लागू होते, हे आधी बघून घ्यावं. पगार, बढती, ओव्हरटाइम यांवर भागत असेल तर ते स्वस्त पडतं.

रंगास्वामीला बरं व्हायला वेळ लागला. दर शनिवारी काका पांढरा सदरा घालून येत राहिले. दर शनिवारी लोबोसाहेब स्वतः बॉयलर हाऊसमध्ये यायचे आणि कुणी विचारायच्या आत सांगायचे, "ब्लँकेट्स." काका मान हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी जाऊन बघून यायचो. मग कोळसा पडायचा. लोबोसाहेब तोवर दारात उभे राहायचे. मला ते दिवस नकोसे वाटायचे, पण त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

हिवाळा संपत आला तेव्हाच्या एका शनिवारी लोबोसाहेब आले आणि म्हणाले, "ब्लँकेट्स." मी सवयीने निघालो.

"देसाई, कुठे चाललास?" काका म्हणाले. "साहेबांनी सांगितलं ना?"

आणि मुनियप्पाला म्हणाले, "टाक."