‘त्रयस्थ’ आणि ‘एक माता’

मास्तर तोंडावर कुणाला दुखवत नसत. ते काम ते लिहून करत, आणि तेही दुसऱ्या नावाने. उज्जैनच्या एका मराठी साप्ताहिकात ‘त्रयस्थ’ या नावाने जळजळीत पत्रं येत, ती त्यांची. फ्रीगंजातल्या आम्हा मराठी घरांना याचा पत्ता नव्हता.

शिकवणं मात्र पक्कं. माझा निबंध तीन तीनदा परत करायचे. “विशेषणं काढ, मग वाक्य उभं राहतं का बघ,” म्हणायचे. आज मला जे मराठी लिहिता येतं ते त्यांच्यामुळे, हे मी नाकारत नाही. मुलींच्या मराठी शाळेत मला नोकरी लागली तीही त्यांच्याच शब्दावर. शाळेच्या समितीत ते होते.

मध्य भारत हे राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, तेव्हा आमची शाळा हिंदी शाळेत मिसळणार अशी बोलवा उठली. त्याच सुमारास शाळेच्या संमेलनात मी मुलींकडून एक हिंदी नाटुकलं करून घेतलं. पुढच्याच अंकात ‘त्रयस्थ’ने लिहिलं, की एक तरुण शिक्षिका नव्या साहेबांना खूश करायला मातृभाषा विकते आहे. नाव नव्हतं. शाळेत तरुण शिक्षिका मी एकटीच होते.

आठवड्याने ‘एक माता’ या नावाने कुणीतरी माझी बाजू घेतली. ते पत्र मी कापून ठेवलं. एक अनोळखी बाई आपल्यासाठी उभी राहिली, एवढ्या आधारावर मी तो महिना काढला. वाद वाढतच गेला. पालक मला रस्त्यात टाळू लागले.

एका सकाळी ते कात्रण दाखवायला मी मास्तरांकडे गेले. ते आत पूजेला बसले होते. टेबलावर त्यांच्या अक्षरातली दोन ताजी पत्रं होती: एक ‘त्रयस्थ’चं, दुसरं त्याला ‘एक माता’चं उत्तर. मी ती उचलून वाचली.

बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातातले कागद पाहिले, पण चेहरा हलला नाही.

“अगं, यात नाराज काय व्हायचं? वाद चालू राहिला तर शाळेची चर्चा होते. अपने को शाळा वाचवायची आहे. आणि तुझं नाव कुठे घेतलंय?”

समितीने मला जाब विचारायला बोलावलं तेव्हा मी पाहिलं ते सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “पोरगी भांबावली आहे.”

माझी नोकरी गेली. दोन वर्षांनी शाळाही गेली. मी देवासला हिंदी शाळेत लागले. सुट्टीत उज्जैनला आले आणि टावर चौकात गाठ पडली, की मास्तर आपुलकीने खुशाली विचारत. मी उत्तर न देता पुढे जाई.

ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, स्वतः माझ्याकडे आल्या. स्मरणिकेसाठी त्यांना माझा लेख हवा होता. मी चहा ठेवायला उठले. त्यांनी मला हाताला धरून बसवलं.

“खरं लिहिलंस तरी चालेल,” त्या म्हणाल्या.

काकू होत्या तोवर मला ते जमलं नाही.