टीव्हीच्या दुकानात आईचे दोन डोळे

नवा टीव्ही घ्यायला मी आईला दुकानात घेऊन गेलो. भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच हंस पोहत होता. विक्रेता मला एलईडी आणि ओएलईडीतला फरक समजावत होता. आई मात्र हाताने कधी उजवा, कधी डावा डोळा झाकून बघत होती. महिन्यापूर्वीच तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता.

"अरे, या डोळ्याने हंस पांढराशुभ्र दिसतोय, आणि त्याने पिवळट!" ती नवलाने म्हणाली.

मीही नकळत एक डोळा झाकला. इतकी वर्षं एकाच टीव्हीसमोर बसून आम्ही घरातली माणसं काय काय वेगळं पाहत आलो असू?

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आतापर्यंत घाबरून नाहीच म्हणणारी आई म्हणाली, "टीव्ही राहू दे. आधी डॉक्टरांकडे चल."